तबकडीचं तळं

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माणसाच्या हातात चार पैसे आले की तो घर बांधतो, आणि घर बांधून पैसे उरले की तळं खोदतो. टोमॅटोनं साथ दिली तर क्रम उलटा होतो, आधी तळं, मग घर. सोयरीक जुळवायला आलेली मंडळी पूर्वी गोठ्यात डोकावायची. आता चहा झाला की यजमान सहज म्हणतात, "चला, तळ्यावर चक्कर मारून येऊ." चक्कर म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या कागदानं मढवलेल्या खड्ड्याच्या कडेनं, चपला सांभाळत, पाहुण्यांनी एक प्रदक्षिणा घालायची आणि "किती लिटर बसतं?" असं विचारायचं. आकडा कोटीत आला की मुलाचं शिक्षण कोणी विचारत नाही.

सरकारनं २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली, जास्तीत जास्त ५० हजार रुपये अनुदान ठेवलं. इकडच्या लोकांना अनुदानाचं अप्रूप वाटलंच, पण त्याहून नवल वाटलं ते नावाचं. तळं मागायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तळं खोदायचं असतं, आणि खोदताना शेजाऱ्याच्या बांधाला धक्का लागला तर कोर्टात जायचं असतं.

ही खोड फार जुनी. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी, कुठल्याही डोंगरावर जा, लेणं खोदणाऱ्यांनी शेजारी पाण्याचं टाकं खोदलेलंच आहे. त्या काळच्या शिलालेखांत त्याला पोढी म्हणत. जुन्नरच्या एका ब्राह्मी लेखात इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दान दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान तिकडून आलेला. एवढा समुद्र ओलांडून, नाणेघाट चढून गडी इथे आला, आणि करून करून काय केलं, तर दोन टाकी खोदून दिली. पाण्याचा गुण, दुसरं काय! तो लेख मला फार आवडतो, कारण तो एका वाक्याचा आहे. नाव, कुळी, दोन पोढ्या, संपलं. शुभहस्ते नाही, प्रमुख उपस्थिती नाही, खाली हात जोडलेल्या अठरा इच्छुकांचे फोटो नाहीत.

शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी पाहिलेल्यांना आणखी एक गोष्ट मान्य करावी लागेल. डोक्यावर कातळाचं छत, ते पेलायला कातळाचेच खांब आणि खाली भर उन्हाळ्यातही गार पाणी. घराच्या आतलं तळं ही काही दुबईच्या हॉटेलवाल्यांची कल्पना नव्हे. आपल्याकडे ती आहेच, फक्त तिथे पोचायला पायऱ्या चढाव्या लागतात.

बरं, आधुनिक काळातही कमतरता नाही. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पैकी डिंभ्यानं कमाल केली. ज्या आंबेगावाच्या नावानं तालुका ओळखला जातो ते मूळ गावच धरणात गेलं, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात बसते. ज्यांची घरं गेली त्यांना यात विनोद दिसला नाही, दिसण्याचं कारणही नव्हतं. तिथल्या आदिवासींनी पुढे त्याच जलाशयात मासेमारीची सोसायटी उभी केली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची 'शाश्वत' ही संस्था त्यांच्या पाठीशी होती, आणि तिला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. म्हणजे मासा हाही इथे परका नाही. परका होता तो माझ्या भाच्याच्या मोबाइलमधला.

भाच्याचं घर आंबेगाव तालुक्यात आणि रान जुन्नर तालुक्यात. मधून शीव जाते. त्यामुळे त्याला तलाठी दोन, आमदार दोन आणि बिबटेही दोन्हीकडचे. (बिबट्याची चेष्टा करण्याचे दिवस सध्या नाहीत. ज्या घरांनी माणसं गमावली त्यांच्या दारात ती शोभत नाही. ते इथेच थांबवतो.) भाचा शेतकीचा पदवीधर. दाजींच्या मते त्यामुळे त्याचं शेतीवरचं लक्ष उडालं. एके दिवशी जेवताना त्यानं जाहीर केलं, "मामा, मला पाकट पाळायचाय."

पाकट इकडे ठाऊक आहे, पण सुकवलेला. घाट उतरलं की कोकण, आणि कोकणातून सुकट, बोंबील आणि क्वचित पाकटाचे तुकडे आठवडे बाजाराला येतात. जिवंत पाकट कोणी पाहिलेला नव्हता. भाच्यानं मोबाइल पुढे केला. ताईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "ही तर शेपूट असलेली भाकरी आहे."

वर्णन चुकीचं नव्हतं. गोल, चपटा, पाठीवर नारिंगी ठिपके, डोळे वर आणि तोंड खाली. त्यामुळे आपण काय खातोय हे या माशाला जन्मभर दिसत नाही. वसतिगृहात राहिलेल्या माणसाला याचं विशेष वाटणार नाही. श्वासासाठी पाणी ओढायची भोकं डोळ्यांच्या मागे, म्हणून वाळूत गाडून घेऊनही तो निवांत पडून राहतो. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतला, अ‍ॅमेझॉन, ओरिनोको, पराना. शास्त्रीय नाव पोटॅमोट्रायगॉन मोटोरो. दाजींनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि पाणी प्याले. चकतीचा व्यास दीड-दोन फूट सहज होतो. मादी अंडी घालत नाही, सरळ पिल्लं देते. शेपटीवर करवतीसारखा दातेरी काटा असतो आणि त्यावर विषारी आवरण.

"काटा लागला तर?" दाजींनी विचारलं.

"सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. विष उष्णतेनं मंदावतं."

"म्हणजे बंब तापलेला पाहिजे कायम," दाजी म्हणाले. खर्चाच्या वहीतली ही पहिली नोंद.

भाच्यानं मग आमची भीती घालवण्यासाठी दुसरा व्हिडिओ लावला. कंबोडियात मेकाँग नदीत जून २०२२ मध्ये सापडलेला गोड्या पाण्यातला पाकट. वजन ३०० किलो, लांबी जवळपास चार मीटर. गावकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी त्याला खूणचिप लावून परत नदीत सोडलं. एवढं दाखवल्यावर आपला दोन फुटी मासा अगदीच किरकोळ वाटेल, असा त्याचा हिशेब होता. ताईला मात्र तो त्याच माशाचा मोठा भाऊ वाटला, आणि धाकटा किती दिवसांत एवढा होतो, असं तिनं विचारलं.

खरा अडथळा निघाला तो ताईच्या सासूबाईंचा. त्या माळकरी. आळंदीची वारी चुकवत नाहीत.

"घरात मासा? माझ्या गळ्यात माळ हाये."

"आजी, खायचा नाहीये. पाळायचाय."

"मग बरं. त्याला खायला काय घालणार?"

"कोळंबी."

सासूबाईंनी भाच्याकडे असं पाहिलं, की तो लगेच म्हणाला, "गांडुळंही चालतात." त्यावर बराच वेळ विचार झाला. गांडूळखताचे बेड घरामागेच होते. गांडूळ हा मांसाहार की शेतीचा भाग, यावर निर्णय काही लागला नाही. शेवटी तळं घरात नको, पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये करायचं, असा तोडगा निघाला. माळेची हद्द ओसरीपर्यंत.

शेडचा निर्णय योगायोगानं शहाणपणाचा ठरला. भाच्याची मूळ इच्छा माडीवरच्या खोलीची होती. तळं दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि अडीच फूट खोल. पाणी बसतं साडेपाच हजार लिटरच्या वर, म्हणजे वजन साडेपाच टनांच्या वर. राहत्या घराचा स्लॅब धरतात चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबानं, आणि हे तळं दर चौरस मीटरला साडेसातशे किलो टेकणार. मासा पाहायला माडीवर जायचं कारणच उरलं नसतं, तो स्वयंपाकघरात दर्शन द्यायला आला असता.

खोली अडीच फूटच का, यावर दाजींचा आक्षेप होता. इकडच्या माणसाला तळं खोल नसेल तर बांधल्यासारखं वाटत नाही. पण पाकटाला खोलीशी कर्तव्य नसतं. तो तळाशी लोळणारा प्राणी. त्याला लागतो पसारा. निदान अंगाच्या दुपटीहून अधिक रुंदी, म्हणजे वळताना शेपूट भिंतीला घासत नाही. दुकानातल्या काचेच्या उंच टाक्या त्याच्या कामाच्या नाहीत. आणि काचच नको म्हटल्यावर निम्मा खर्च तिथेच वाचतो. पाकट दिसतो वरून. काचेतून फक्त त्याची कड दिसते.

भिंतीसाठी सिमेंटचे ब्लॉक. गवंडी जुना, गोठे बांधण्यात हात बसलेला. भाच्यानं त्याला समजावलं की दहा फुटी भिंतीवर पाण्याचा आडवा रेटा पावणेनऊशे किलोच्या पुढे जाईल. गवंड्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "म्हंजे म्हशी किती?"

"दोन. बारक्या."

"मंग नऊ इंची घेऊ, आन् वरून सळई फिरवून पट्टा मारू. दोन म्हशी टेकल्या तरी हलायची नाय." इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे एकक नाही. पण भिंत हलली नाही.

आतून प्लॅस्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी यांतलं काही नाही. शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा कागद. या दोन तालुक्यांत तळ्याच्या प्लॅस्टिकला कागदच म्हणतात, आणि तो प्रत्येकाच्या पडवीत थोडा तरी उरलेला असतो. कोणी त्यानं कांदाचाळ झाकतो, कोणी ट्रॉली, आणि लग्नसराईत पावसाचा रंग दिसला तर मांडवही. भाच्यानं तीन शेजाऱ्यांकडून मागून आणला. त्यातल्या एकानं, "परत देशील ना?" असंही विचारलं. कागदाचा आणखी एक फायदा होतो. सिमेंटचा चुना पाण्यात उतरत नाही. डेक्कनच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी आधीच जड, आणि अ‍ॅमेझॉनकडच्या माशांना लागतं मऊ. त्यावर उपाय शेडच्या पत्र्यावर पडणारं पावसाचं पाणी. पन्हाळी लावली, टाकीत घेतलं, झालं. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी घ्यायचं तर वेगळी पंचाईत, कारण पाणीपुरवठ्याचा माणूस टीसीएल पावडर हाताच्या अंदाजानं टाकतो. अंदाज त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर. क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतं. तेव्हा पाणी उघड्या टाकीत हवा मारत ठेवायचं किंवा त्यात हायपो घालायचा.

एका बाबतीत मात्र भाच्यानं घरात अक्षरशः जप्ती केली. सगळ्या जुन्या बादल्या, पिंपं, मग बाहेर काढले. द्राक्षाच्या मुलखात कुठल्या बादलीत कधी मोरचूद कालवलं गेलं असेल, सांगता येत नाही. तांबं पाकटाला विषासमान. कीटकनाशकाच्या रिकाम्या कॅनला तर हातही लावायचा नाही. ताईची धुण्याची बादलीही जप्तीत गेली, आणि दोन दिवस घरात मोटोरो हे नाव शिवीसारखं उच्चारलं जात होतं.

आता गाळणी. पाकट खातो भरपूर, आणि जो भरपूर खातो तो पाणीही तेवढंच खराब करतो. शहरातले शौकीन यासाठी परदेशी फिल्टर मागवतात. भाच्यानं ठिबकचा जुना सॅण्ड फिल्टर आणि डिस्क फिल्टर उतरवला. बॅकवॉश कसा मारायचा, हे दाजींना झोपेतही येतं. त्यापुढे दोनशे लिटरचे निळे नवे बॅरल, आत कांद्याच्या गोण्यांच्या जाळीच्या गुंडाळ्या, त्यावर फुटक्या टोमॅटो क्रेटचे तुकडे. हे सगळं कशासाठी, तर जिवाणूंना बसायला जागा पाहिजे. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे पुण्यातल्या माझ्या एका मत्स्यप्रेमी मित्राला समजायला पुस्तकं वाचावी लागली. दाजींनी अर्ध्या वाक्यात तोडलं, "म्हणजे रानात युरिया टाकल्यावर होतं तेच की." तेच. जिवाणूंची कुळंही बरीचशी तीच. आणि दर आठवड्याला तळ्यातून काढायचं नायट्रेटचं पाणी कुठे सोडायचं, हा जगभरच्या मत्स्यपालकांना छळणारा प्रश्न इथे प्रश्न म्हणून उपस्थितच झाला नाही. शेडमागे मेथीचे वाफे होते.

या सगळ्या खटाटोपामागचा भाच्याचा आदर्श खोडदला आहे. नारायणगावच्या पूर्वेला खोडद, तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजनानं आणि वाऱ्यानं खर्च आभाळाला भिडला असता. गोविंद स्वरूप यांनी दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली पोलादी तारेची बारीक जाळी वापरली. वारा आरपार जातो, रेडिओलहरी मात्र परावर्तित होतात. वजन उतरलं, पैसे वाचले आणि जगातल्या नावाजलेल्या दुर्बिणींत ती जाऊन बसली. भाचा ही गोष्ट येईल त्याला सांगतो आणि शेवटी म्हणतो, "स्वरूप सरांनी पंचेचाळीस मीटरची तबकडी जाळीवर भागवली. मी दोन फुटांच्या तबकडीसाठी उधळपट्टी का करू?" यावर उत्तर नव्हतं. दाजींनीही दिलं नाही. पण त्यांनी वहीत 'जाळी' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

खर्चाची खरी पाचर पुढे आहे, आणि माझ्या मते तळं बांधणाऱ्यांना बहुतेक वेळा ती उशिरा दिसते. पाकटाला पाणी लागतं पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचं. जुन्नरला जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास घुटमळतो, कधी खालीही जातो. साडेपाच हजार लिटर पाणी फक्त दहा अंशांनी तापवायला पासष्ट-सहासष्ट युनिट वीज खर्ची पडते. आणि ते एकदा. पाणी रात्रभर थंड होत राहणार, तुम्ही रात्रभर बिल भरत राहणार. भाच्याला यातून वाचवलं ते पोल्ट्रीनं. एक दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात पस्तिशीच्या आसपास ठेवायचं, तेही परवडेल अशा खर्चात, हे ज्या घराला जमलं त्याला मासा अठ्ठावीसवर ठेवणं अवघड नाही. भिंतीला बाहेरून थर्माकोल, शेडला पडदे, आणि तळ्यावर पॉलिहाउसच्या फिल्मचं झाकण. पाण्यातला हीटर मात्र जाळीच्या पिंजऱ्यात बसवावा लागतो. पाकट गरम हीटरला अंग टेकून पडतो आणि भाजतो, त्याला कळतही नाही. थंडीत बंबाशेजारी बसलेल्या आमच्या एका चुलत्यांचं धोतर असंच पेटलं होतं. पण त्यांना कळलं होतं.

विजेचा दुसरा ताप हवेचा. पाण्यात हवा मारणारा पंप थांबला की एवढ्या मोठ्या माशाला काही तासांत जड जातं. थ्री फेजची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. घराची सिंगल फेज त्या मानानं बरी, पण पावसाळ्यात कुठे फांदी पडली की बरी हा शब्द मागे घ्यावा लागतो. तेव्हा इन्व्हर्टर आला. घरातला टीव्ही इन्व्हर्टरवर नव्हता. मालिकेचा भाग बुडाला तरी चालतो, माशाचा श्वास नाही, हे भाच्याचं म्हणणं सासूबाईंना पटलं नाही. पहिल्याच आठवड्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून टीव्हीपर्यंत एक वायर गेलेली सापडली.

कागदपत्रांचं प्रकरण ताईला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं निघालं. २०२२ मध्ये पनामात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ब्लॅक डायमंड नावाचा काळा ठिपकेदार पाकट आणि त्याचे काही भाऊबंद यांच्या व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याच वर्षी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अशा परदेशी जिवांसाठी त्यात वेगळी अनुसूची आहे, आणि पाळणाऱ्यानं 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंदणी करायची.

"म्हणजे माशाचा सातबारा," दाजी म्हणाले.

"तसंच समजा."

"पिल्लं झाली तर वारसनोंद?"

भाच्यानं मान डोलावली. दाजींना कायदा एकदम आवडला. ज्या गोष्टीला उतारा निघतो ती खरी, हा त्यांचा जुना विश्वास. फक्त नोंद कुठल्या तालुक्यात होणार, हे त्यांना कळेना, कारण शेडचा दरवाजा आंबेगावात होता आणि तळ्याचा बराचसा भाग जुन्नरात.

"आणि पुढेमागे कंटाळा आला तर?" मी विचारलं. हा प्रश्न मी मुद्दाम विचारला होता. शहरातल्या हौशी लोकांना कंटाळा आला की ते मासा जवळच्या नदीत सोडतात आणि आपण जीवदान दिलं, असं समजून घरी येऊन शांत झोपतात. उजनीच्या पाण्यात आज जो सकर मासा कोळ्यांची जाळी फाडतो, तो मूळचा काचेच्या टाकीतलाच, तोही दक्षिण अमेरिकेचा. इथली कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा उजनीत. म्हणजे येडगावच्या पुलावरून दिलेलं जीवदान सोलापूरच्या कोळ्याच्या जाळ्यात जाऊन अडकणार. त्या कोळ्याचा पाय जर काट्यावर पडला तर त्याच्याकडे तापलेला बंबही नसणार.

भाचा म्हणाला, "मामा, मी सोडणार नाही. विकीन."

"कोणाला?"

"तळं असणाऱ्याला."

हे उत्तर ऐकून मला जरा धास्तीच वाटली. या दोन तालुक्यांत तळं नसणारा सापडणं जास्त अवघड आहे.

असो. तळं भरलं. पण मासा लगेच टाकता येत नाही. जिवाणूंची वस्ती जाळीवर बसायला काही आठवडे जातात, आणि मासा नसताना त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. म्हणून भाचा रोज सकाळी रिकाम्या तळ्यात चिमूटभर युरिया टाकायचा, परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकायचा आणि रंग पिवळा येतो की हिरवा, ते उजेडात धरून पाहायचा. शेडच्या दारातून हे दृश्य पाहणाऱ्यानं काय समजावं? पहिल्यांदा दूधवाल्यानं समजलं. मग गावानं.

बघे यायला लागले. भाचा प्रत्येकाला सांगायचा, अजून मासा आणलेला नाही, तळं रिकामं आहे. कोणी विश्वास ठेवेना. कारण मासा वाळूत गाडून घेतो आणि दिसत नाही, हे त्यानंच गावभर सांगून ठेवलं होतं. लोक कठड्यावर वाकून एकटक बघायचे. जो जास्त वेळ बघायचा त्याला दिसायचा. एकाला डोळे दिसले. (ते नदीतले दोन गोटे होते, हवेची नळी दाबायला ठेवलेले.) एकाला शेपूट. एका बाईंना तो फणा काढताना दिसला, आणि त्यांनी तिथेच नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी कठड्यावर हळदकुंकू आणि शेजारी पाच रुपयांचं नाणं. भाच्यानं नाणं लगेच उचललं, धातू पाण्यात पडू नये म्हणून. त्यावरून मासा जागृत आहे, ही बातमी पक्की झाली.

गर्दी आवरायला सासूबाई स्वतःच खुर्ची टाकून शेडच्या दारात बसू लागल्या. माळेची हद्द कधी वाढली, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. "हात घालू नका, काटा हाये," "पोराला धरा," "अमेझानचा हाये, सात समुद्रापल्याडचा," असं त्या ठणकावून सांगायच्या. पाणी रिकामं आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही त्यांची रीत.

शेवटी परीक्षानळीतला रंग पिवळा टिकला. जिवाणू कामाला लागले, पाणी तयार झालं. भाच्यानं मुंबईच्या दुकानदाराचा नंबर काढला आणि दाजींनी वही उघडली. एका बाजूला मासा, वाहतूक, कोळंबी, नोंदणी, हीटर, बंबाचं सरपण. दुसऱ्या बाजूला त्यांनी बराच वेळ काहीच लिहिलं नाही. मग चष्मा वर करून म्हणाले, "लोक येतात, बघतात, खूश होऊन जातात. त्याला खायला लागत नाही, काटा मारत नाही, सरकारात नोंद नाही. मेथीला पाणी चाललंच आहे. आता आणायचा कशाला?"

भाचा चिडून उठला. म्हणाला, उद्याच मुंबईला जातो आणि घेऊनच येतो, निदान एक तरी.

"एक कशाला?" दारातून सासूबाई म्हणाल्या. "चार तरी आण. पिल्लं झाल्याचं मी कालच सांगून बसलेय."